संगीतसूर्य केशवराव भोसले : नाटक मंडळीच्या शाळेतील एक विद्यार्थी

(द्वितीय वर्ष कला)

मराठी संगीत रंगभूमीचा विषय निघाला की दोन नावे जोडीने घेतली जातात. एक बालगंधर्वांचे आणि दुसरे केशवराव भोसले यांचे. बालगंधर्वांना दीर्घ आयुष्य लाभले. १९६७ सालापर्यंत ते होते, त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे पुढे बरीच वर्षे भेटत होती. केशवराव मात्र ४ ऑक्टोबर १९२१ रोजी गेले. एकतिसावे वर्ष पुरे होऊन दोन महिनेही झाले नव्हते. एवढ्याशा आयुष्यात या माणसाने महाराष्ट्राला वेड लावले, स्वतःची नाटक मंडळी उभी केली आणि ती इतकी भक्कम उभी केली की त्यांच्यामागेही कित्येक दशके ती चालू राहिली.

केशवरावांच्या गायनाविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी त्या वाटेला जाणार नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. ज्याचे शाळेत जायचे वय नाटक मंडळीत गेले, तो माणूस एवढे शिकला कोठे? त्याला कोणी शिकवले? त्याचा विद्यार्थिदशेतला दिवस कसा जात असेल? आज नट व्हायचे असेल तर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. तेथे प्रवेश परीक्षा असते, वेळापत्रक असते आणि शेवटी पदवी किंवा पदविका मिळते. केशवरावांच्या काळी यातले काहीच नव्हते. होती ती फक्त नाटक मंडळी. तीच शाळा, तेच वसतिगृह आणि तीच नोकरीही.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची स्थिती बेताची. वडील लवकरच वारले आणि संसाराचा सारा भार आईवर पडला. त्या वेळी कोल्हापूर हे कलेचे माहेरघर बनत होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस मराठी नाटकाचा पाया घातला होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले होते. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत लहानमोठ्या अनेक मंडळ्या निघाल्या. या साऱ्या मंडळ्यांना गोड गळ्याची मुले हवी असत, कारण स्त्रियांची कामे पुरुषच करीत आणि मुलाचा कोवळा आवाज हे मंडळीचे भांडवल असे. जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत लहानगा केशव दाखल झाला तो असा. घरातले एक तोंड कमी झाले आणि मंडळीला एक गळा मिळाला. व्यवहार म्हणून पाहिले तर एवढेच घडले होते.

आता मंडळीतला दिवस कसा असे ते पाहू. हे वर्णन केशवरावांच्या एकट्याचे नाही. त्या काळच्या नटांनी आपल्या आयुष्याविषयी जे सांगून ठेवले आहे त्यावरून बहुतेक मंडळ्यांतला दिनक्रम असाच होता असे दिसते.

मंडळी ज्या गावी मुक्कामाला असेल तेथे एक मोठे घर किंवा वाडा भाड्याने घेतलेला असे. त्याला बिऱ्हाड म्हणत. मालक, नट, गवई, तबलजी, आचारी, पडदे ओढणारे गडी अशी सारी फौज त्या एका बिऱ्हाडात राही. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. मुलांना भल्या पहाटे उठवीत. तंबोरा लावला जाई आणि खर्ज भरण्याची मेहनत सुरू होई. उजाडेपर्यंत एकच स्वर लावून बसायचे, तो हलू द्यायचा नाही. मग अंघोळी, न्याहारी आणि पुन्हा गाण्याची तालीम. दुपारी सर्वांची एकत्र पंगत बसे. थोडी विश्रांती झाली की गद्याची तालीम सुरू होई.

प्रत्येक नटाला आपल्या भूमिकेची भाषणे लिहिलेला एक कागदांचा जुडगा मिळे. त्याला नक्कल म्हणत. त्यात संपूर्ण नाटक नसे. आपले बोलणे आणि त्याच्या आधीच्या पात्राचे शेवटचे दोन-चार शब्द, एवढेच असे. ज्याला धड वाचता येत नसे त्याला तेच ते दहादा ऐकून पाठ करावे लागे. तालीम मास्तर समोर बसून प्रत्येक वाक्य घोकून घेत. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, कोणत्या वेळी मान वळवायची, हे सारे ठरलेले असे. चुकले की बोलणी बसत, कधी हातावर छडीही बसे. स्त्रीपार्ट करणाऱ्या मुलांना तर आणखी एक वेगळा अभ्यास होता. नऊवारी लुगडे नेसायचे, ते नेसून चालायचे, बसायचे, उठायचे, पदर सावरायचा. केस वाढवायचे आणि त्यांची निगा राखायची.

नाटकाचा दिवस असला की संध्याकाळपासून धांदल. रात्री जेवणानंतर सुरू झालेले नाटक पहाटे संपे. एका पदाला दोन-दोन, तीन-तीन वन्समोअर मिळाले तर आणखी उशीर. बारा वर्षांचे पोर रात्रभर लुगडे नेसून गात असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तंबोऱ्याशी बसत असे. मुक्काम हलला की सामानाच्या गाड्या भरायच्या आणि पुढचे गाव गाठायचे.

येथे मला तालीम या शब्दाचे कौतुक वाटते. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. कोल्हापुरात तर पेठेपेठेला तालीम. पैलवान पहाटे उठून जोर-बैठका मारतो आणि नट पहाटे उठून खर्ज भरतो. दोघांचाही वस्ताद असतो. दोघांनाही पाहणाऱ्यांची गर्दी एकदाच जमते, पण मेहनत रोजची असते. केशवराव ज्या गावात जन्मले त्या गावाला हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागालाही हे नवीन नाही. आळेफाट्याहून पुण्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर नारायणगाव लागते. गावोगावच्या यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी सुपारी द्यायला येतात. या फडांतूनही मुले अशीच शिकत आली. विठाबाई नारायणगावकर आपल्या वडील-चुलत्यांच्या, म्हणजे भाऊ-बापूंच्या फडातच घडल्या. त्यांना कोणी फळ्यावर लिहून शिकवले नव्हते. फड हेच त्यांचे विद्यालय होते. संगीत नाटकाला प्रतिष्ठा मिळाली आणि तमाशाला ती मिळायला फार वाट पाहावी लागली हे खरे. पण बोर्डावर उभे राहायला शिकण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच होती. मोठ्यांचे पाहायचे, पाठ करायचे, चुकायचे, बोलणी खायची आणि पुन्हा उभे राहायचे.

केशवची पहिली कामे किरकोळच होती. मुलांना सुरुवातीला सखी, दासी, लहान मूल अशीच कामे देत. त्याच सुमारास गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ हे नाटक गाजत होते. १८९९ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावणाऱ्या बापाविषयी आहे. स्वतः देवल हे त्या काळातले नामांकित तालीम मास्तर. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ते शिष्य. नटांना घडवण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनी लिहिलेले नाटक नटाला बोलायला सोपे आणि मनाला भिडणारे असे.

स्वदेशहितचिंतक मंडळीही ‘शारदा’ करीत असे. त्यात नायिकेच्या मैत्रिणीचे काम करता करता एके दिवशी शारदेचेच काम केशवच्या वाट्याला आले. ही संधी त्याने अशी साधली की पुढे शारदा म्हणजे केशव असे समीकरण झाले. याचे मला जे कारण वाटते ते सांगतो. शारदा ही जेमतेम चौदा वर्षांची, जिच्या आयुष्याचा सौदा मोठी माणसे तिला न विचारता करतात अशी मुलगी. आणि ती भूमिका करणारा मुलगाही त्याच वयाच्या आसपासचा, ज्याचे आयुष्य मोठ्या माणसांनी मंडळीच्या स्वाधीन केलेले. शारदेची भीती त्याला वेगळी शिकवावी लागली नसेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण त्या मुलाच्या गळ्यातून शारदेचा आकांत ऐकताना प्रेक्षक हेलावून जात, ही गोष्ट मात्र प्रसिद्ध आहे.

येथे एका प्रश्नाकडे डोळेझाक करून चालणार नाही. नाटक मंडळी ही शाळा होती असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ही कसली शाळा? मुलाच्या पालकांकडून काही वर्षांचा करार लिहून घेण्याची पद्धत अनेक मंडळ्यांत होती. मुलाला जेवण-कपडे मिळत, घरी थोडेफार पैसे जात, आणि त्याच्या गाण्यावर मालकाचा गल्ला भरे. पुढे आवाज फुटला की काय? दहा मुलांपैकी एखाद्याचाच गळा आवाज फुटल्यावर पुन्हा जमून येई. बाकीची मुले कोठे गेली? कोणी पडदे ओढू लागला, कोणी पेटी वाजवू लागला, कोणी घरी परतला. लिहिता-वाचता न येणाऱ्या, शेतीची सवय मोडलेल्या आणि गळा गेलेल्या मुलाने पुढे काय करावे, याचे उत्तर मंडळीपाशी नव्हते. आपण केशवरावांचे चरित्र लिहितो, कारण ते त्या दहांतले एक होते. उरलेल्या नऊ जणांची नावेही कोणाला माहीत नाहीत. त्यांची आठवण ठेवूनच या शाळेचे गुण गावेत असे मला वाटते.

केशवरावांचा आवाज टिकला. नुसता टिकला नाही तर वाढला. तेजस्वी, उंच स्वरात सहज फिरणारा, जलद तानांनी थक्क करणारा असा त्यांचा आवाज जाणकार वर्णन करतात. संगीतसूर्य हे नाव त्या तेजावरूनच पडले. पण त्यांनी दैवावर विसंबून ठेवले नाही. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे ते शिकले. प्रसिद्धी मिळाल्यावरही कोणासमोर तरी शिष्य म्हणून बसणे ही सोपी गोष्ट नाही.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी ललितकलादर्श नाटक मंडळी स्थापन केली. त्या दिवशी त्यांचे वय किती होते? साडेसतरा वर्षेही पूर्ण नव्हती. ज्या वयात आपण अकरावी-बारावीच्या परीक्षेच्या काळजीत असतो, त्या वयात हा मुलगा चाळीस-पन्नास माणसांच्या पोटापाण्याची जबाबदारी अंगावर घेऊन उभा राहिला. भांडवल म्हणजे गळा आणि लहानपणापासून बिऱ्हाडात पाहिलेला व्यवहार. गाडी कशी ठरवायची, पडदे कसे रंगवून घ्यायचे, रुसलेल्या नटाची समजूत कशी काढायची, कोणत्या गावी कोणते नाटक चालते, हे ज्ञान पुस्तकातले नव्हते. त्या शाळेने त्यांचे बालपण घेतले होते, पण हेही तिनेच दिले होते.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या काळच्या नामांकित संगीत मंडळ्या, त्यांचे मालक, नाटककार आणि नट हे बहुतांशी ब्राह्मण समाजातले होते. अशा क्षेत्रात कोल्हापूरच्या एका गरीब मराठा घरातला मुलगा मंडळीचा मालक आणि पहिल्या प्रतीचा गायक-नट झाला. राजर्षी शाहू महाराजांना त्याचा किती अभिमान वाटत असेल! महाराजांनी बालगंधर्वांच्या कानावर मिरजेस उपचार करवून त्यांचा किर्लोस्कर मंडळीत प्रवेश घडवून आणला होता, आणि केशवरावांवरही त्यांचा लोभ होता. गुण कोणत्याही घरात जन्मू शकतो, त्याला फक्त दार उघडे करून द्यावे लागते, हे महाराजांनी शाळा-वसतिगृहांच्या बाबतीत जसे दाखवले तसे रंगभूमीच्या बाबतीतही दाखवले. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले, अशा माझ्यासारख्या विद्यार्थ्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ललितकलादर्शमध्ये केशवरावांनी केवळ जुनी नाटके केली नाहीत. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ या नाटकात त्यांनी मृणालिनी साकारली. मामा वरेरकर या नव्या दमाच्या लेखकाला त्यांनी हात दिला. वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या चालीवर प्रहार करणारे नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले. पुढे ‘संन्याशाचा संसार’ आले. लहानपणी शारदा झालेल्या नटाने मोठेपणी हुंड्याविरुद्धचे नाटक निवडावे, यात एक सुसंगती आहे. चित्रकार पु. श्री. काळे यांच्यासारख्या कलावंताच्या हातून रंगवलेले देखणे देखावे हेही ललितकलादर्शचे वैशिष्ट्य होते. स्त्रीभूमिका सोडून ते पुरुषभूमिकांकडे वळले आणि खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तला धैर्यधर त्यांनी गाजवला. लोक आपल्याला शारदा म्हणून ओळखतात ती ओळख पुसून नव्या रूपात उभे राहायला मोठे धाडस लागते. अनेक स्त्रीपार्टी नटांना ते जमले नाही.

मग आला तो ८ जुलै १९२१ चा दिवस. लोकमान्य टिळकांच्या निधनाला वर्ष होत आले होते. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड गोळा होत होता. त्याच्या मदतीसाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग झाला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव. एरवी या दोघांच्या चाहत्यांची गावोगाव भांडणे जुंपत. कोण श्रेष्ठ यावर पैजा लागत. ते दोघे एकाच रंगमंचावर समोरासमोर येणार म्हटल्यावर तिकिटासाठी केवढी झुंबड उडाली असेल! दोन मंडळ्यांचे दोन मालक, दोन प्रतिस्पर्धी, पण कामासाठी एकत्र आले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या रात्रीचे वर्णन आजही आदराने केले जाते. त्यानंतर लगेच संयुक्त ‘सौभद्र’चाही प्रयोग झाला.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव विषमज्वराने गेले. त्या वेळी विषमज्वरावर आजच्यासारखे रामबाण औषध नव्हते. जी वर्षे नटाच्या आयुष्यातली सर्वांत फलद्रूप असतात, ती त्यांना मिळालीच नाहीत.

केशवराव गेले तरी ललितकलादर्श बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी ती चालवली. मालक गेला की मंडळी मोडायची हा त्या काळचा नेहमीचा अनुभव असताना हे घडले, ही मोठी गोष्ट आहे. केशवरावांनी आपल्या माणसांना काय शिकवले होते याचा हा दाखलाच आहे. जी शिस्त त्यांनी लहानपणी छडी खाऊन घेतली, तीच त्यांनी पुढच्यांना दिली असणार.

शाहू महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदानाला लागून पॅलेस थिएटर उभारले होते. त्याच वास्तूला पुढे केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. एका भिंतीपलीकडे कुस्ती आणि अलीकडे नाटक, म्हणजे दोन्ही तालमी एकमेकींच्या शेजारी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, या नाट्यगृहाला भीषण आग लागली आणि ते जळून गेले. कोल्हापूरचे जुने कलावंत तेथे उभे राहून रडताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यानंतर नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

आपल्या कॉलेजात स्नेहसंमेलन जवळ आले की आपण पंधरा दिवस एकांकिकेची तालीम करतो. पहिल्या चार दिवसांत निम्मी मुले येत नाहीत आणि पाठांतर शेवटच्या रात्री होते. आपल्यावर करार नाही, छडी नाही, पोटाचा प्रश्न नाही, आणि हे चांगलेच आहे. ज्या गोष्टी त्या मुलांवर लादल्या गेल्या त्या कोणावरही पुन्हा येऊ नयेत. पण पहाटे उठून एकच स्वर लावून बसणारा तो कोल्हापूरचा मुलगा, आणि त्याच्या शेजारी बसलेली, आज नावेही विसरली गेलेली ती इतर मुले, यांची आठवण तालमीच्या पहिल्या दिवशी व्हावी एवढीच इच्छा आहे. त्या सर्वांना आणि त्यांच्यातून वर आलेल्या संगीतसूर्य केशवरावांना माझे विनम्र अभिवादन.